तीन डोळ्यांचा मातीचा बैल

एकदा काय झालं, एका गावातले सगळेच्या सगळे बैल एका रात्रीत नाहीसे झाले.

थांब मुक्ते, आधी बारक्याच्या अंगावर पांघरूण घाल. सगळं तुझ्याकडंच ओढतेस. हं. आणि दुपारी त्या मातीच्या उंदरावरून जे रडारड-प्रकरण झालं, ते आता कुणी उकरून काढायचं नाही. कुणी कुणाच्या उंदराचे कान मोडून नीट करून दिले, ते मला बरोब्बर ठाऊक आहे. पण मी कुणाचं नाव घेत नाही. गोष्ट ऐका.

तर त्या गावाचं नाव होतं खडकओहोळ. गावामागं एक टेकडी, टेकडीवर एक झरा, आणि झऱ्यापाशी राहायची टेकाडआजी. किती वर्षांची म्हणून काय विचारतोस? टेकडीच्या वयाची. तिच्या केसांत गवत उगवलेलं आणि तिच्या टाचांना शेवाळ. तिचं काम एकच. झऱ्याच्या तोंडाशी रोज दगडगोटे साचायचे, ते रोज नांगरून मोकळे करायचे. मग पाणी खळखळ खाली यायचं, आणि गाव प्यायचं.

आता तिचा नांगर ओढायचा कुणी? तर मातीच्या बैलांनी, बरं का! बेंदूर म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना आंघोळ, बैलांना झूल, बैलांना पुरणपोळी. आणि खडकओहोळात अशी रीत होती की घरातल्या पोरांनी आपल्या हातांनी मातीचा एक बैल करायचा आणि टेकडीच्या पायथ्याशी नेऊन ठेवायचा. सोबत पुरणपोळीचा तुकडा. दिवेलागण झाली की तो मातीचा बैल कान हलवायचा, शेपूट झाडायचा, उठायचा, आणि टुकूटुकू टेकडी चढून टेकाडआजीच्या गोठ्यात जायचा. वर्षभर पाण्यात काम करायचा. माती ती मातीच, थोडी थोडी विरघळायची. पुढच्या बेंदरापर्यंत बैल संपायचा. मग पोरं नवा करायची.

असं कैक वर्षं चाललं. मग एका वर्षी गावच्या कुंभाराकडं साचा आला. साच्यात माती दाबली, उघडला, की बैल तयार! काय ते वशिंड, काय ती शिंगं, अगदी सुबक. पाटलीणबाई म्हणाल्या, "नाहीतर आपल्या पोरांचे बैल! बैल आहे की डुक्कर, तेच कळत नाही. शिवाय चिखलानं घर भरतं ते निराळंच." सगळ्या आयांनी माना डोलावल्या. त्या बेंदराला घरोघर साच्यातले बैल आले. त्यांना सोनेरी रंग दिला. पोरं धुतलेल्या कपड्यांत दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

त्या पोरांत होती हौसा. बारा वर्षांची. हाताची फार कसबी पोर. तिनं काढलेली रांगोळी पाहायला शेजारच्या आळीतल्या बायका यायच्या. तिच्या पाठचा सोपान, सात वर्षांचा, आणि शेंडेफळ गंगी, तीन वर्षांची. साचा आला तेव्हा हौसाला बरंच वाटलं. ती आईला म्हणाली, "सुटले बाई एकदाची. दर वर्षी या दोघांचं निस्तरता निस्तरता माझा जीव जातो."

तर बेंदूर झाला. साच्यातले बैल टेकडीच्या पायथ्याशी रांगेनं ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा गोठ्यात गेली, तर दावणीला बैल नाही.

तिचा पाखऱ्या नाही! पाखऱ्या म्हणजे त्यांचा पांढरा बैल, अंगावर काळे ठिपके. तो वासरू असताना त्याची आई गेली होती. हौसानंच त्याला बोटं चोखवून दूध पाजलं. नदीवर नेऊन धुवायची तीच, रात्री उरलेली भाकरी द्यायची तीच. नुसतं "पाखऱ्याऽ" म्हटलं की दोन शेतांपलीकडून हंबरायचा. ती बाहेर आली तर साऱ्या गावात बोंबाबोंब. कुणाचाच बैल नाही. पेरणी तोंडावर आली, आणि गावात एक शिंग शिल्लक नाही. खुरांचे ठसे तेवढे टेकडीकडं गेलेले.

मग गडीमाणसं दोर घेऊन टेकडीवर धावली. मागोमाग हौसाही गेली. बघतात तो काय, टेकाडआजीच्या गोठ्यात गावाचे सगळे बैल, आणि आजी निवांत त्यांना पाणी पाजतेय. पाटील ओरडले, "म्हातारे, आमचे बैल चोरलेस?"

"चोरले?" आजी म्हणाली. "खाली जाऊन तुमचं सोनं बघा आधी."

खाली साच्यातले बैल होते तिथंच, होते तसेच उभे. एकानंही कान हलवला नव्हता. अंगावर मुंग्या मात्र चढल्या होत्या, पुरणपोळीच्या वासानं.

"माझा नांगर कोण ओढणार? तुमच्या पाटलीणबाई?" आजी म्हणाली. "झरा बुजला तर तुम्हीच बोंबलत याल. मला हात लागलेला बैल पाहिजे. त्या बाहुल्या नकोत. एक बैल उठवून दाखवा आणि तुमचे घेऊन जा. पण सांगून ठेवते. तीन दिवस माझ्या झऱ्याचं पाणी प्यालं की जनावर जुनी दावण विसरतं. तिसऱ्या दिवशी दिवस बुडाला, की हे बैल माझे."

गड्यांनी दोर लावून बैल ओढून पाहिले. बैल तसूभर हलेनात. हौसानं लांबूनच हाक मारली, "पाखऱ्याऽ!" पाखऱ्या मोठ्यानं हंबरला. पण पाय काही उचलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती धावत खाली आली.

ती थेट नदीवर गेली. तिनं मनाशी म्हटलं, गावात माझ्याइतका चांगला हात कुणाचा आहे? मीच करते. सोपान म्हणाला, "अक्का, मी पण." गंगी म्हणाली, "मी पन." हौसा म्हणाली, "अजिबात नाही. तिकडं लांब बसा. हात लावलात तर बघा." तिनं भराभर माती ओढली, भराभर मळली, आणि असा बैल केला, असा बैल केला, की साच्यातला त्याच्यापुढं काहीच नाही. पाय कसे, बारीक, डौलदार. तिकडं मोठी माणसंही जमली. सुतारानं केला, कुंभारानं केला, पाटलांनीसुद्धा धोतर खोचून एक केला. त्याचा विषय नको. दुपारभर सगळे बैल उन्हात वाळवले आणि संध्याकाळी टेकडीवर नेले.

दिवेलागण झाली. मोठ्यांचा एकही बैल हलला नाही. फक्त हौसाच्या बैलानं कान हलवला! बैल उठायला लागला, गुडघ्यांवर आला... आणि कट्. पुढचा पाय मोडला. पोटालाही चीर गेली. त्या चिरेतून एक खडा बाहेर पडला.

आजीनं खडा उचलला, बघितला आणि म्हणाली, "घाई."

मग दुसरा दिवस उजाडला. हौसा विचार करून थकली. ती म्हणाली, सोपानला घेऊ या, माती तरी वाहील. सोपान आनंदानं नाचत आला. त्यानं मातीच्या जाड जाड वळ्या केल्या आणि म्हणाला, "अक्का, हे पाय." हौसा म्हणाली, "पाय आहेत का मुसळं? दे इकडं." तिनं त्या वळ्या घेतल्या, लांबवल्या, बारीक केल्या, ओलं बोट फिरवून गुळगुळीत केल्या. सोपानचं एक बोट म्हणून त्यावर दिसेना. मग तो पाण्यात दगड फेकत बसला. गंगी काठावर उभी राहून विचारत होती, "मी येऊ? आता मी येऊ?"

का गं मुक्ते, कूस का बदललीस? काही टोचलं का?

संध्याकाळी तो बैल टेकडीवर गेला. दिवेलागण झाली आणि बैल उठला! चार पायांवर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तो चालू लागला तो गोल गोल. आपल्याच शेपटीमागं. एक फेरी, दोन फेऱ्या, तिसऱ्या फेरीला पाय वाकले आणि मट्कन बसला, तो बसलाच.

आजीनं त्याला उचलून उलटा-पालटा केला. "कुणाकुणाचे हात यात?"

"माझे आणि माझ्या भावाचे," हौसा म्हणाली.

"भावाचे कुठं आहेत? मला तर एकाच पोरीची बोटं दिसतात."

हौसानं मान खाली घातली. मग तिनं गोठ्याकडं बघून हाक मारली, "पाखऱ्याऽ!" पाखऱ्या हंबरला नाही. त्यानं नुसता एक कान तिच्याकडं वळवला, आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. त्या रात्री हौसा जेवली नाही. पाखऱ्यासाठी ठेवलेली भाकरी हातात घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

मग उजाडला तिसरा दिवस. शेवटचा. हौसा नदीवर गेली तर तिच्याआधीच तिथं कुणीतरी होतं. कोण असेल? गंगी! कमरेपर्यंत चिखलात. थपथप, थपथप, माती तुडवत होती आणि मनाशीच काहीबाही गात होती. मध्येच वाकायची, चिखलातून एक खडा काढायची, त्याला धुवायची, "हा माझा" म्हणायची आणि काठावर रांगेत ठेवायची. रांग चांगली हातभर झाली होती.

हौसा ओरडणारच होती. तोंड उघडलंसुद्धा. पण तिनं ती खड्यांची रांग बघितली, आणि तिला परवा बैलाच्या पोटातून पडलेला तो खडा आठवला. तिनं वाकून गंगीच्या पायाखालची माती हातात घेतली. लोण्यासारखी मऊ माती. त्यात एक कण टोचेना. हौसाला इतकी मऊ माती कधी मळता आली नव्हती. अहो, मोठ्या माणसाला दहा पावलं तुडवली की कंटाळा येतो. तीन वर्षांच्या पोरीला चिखलाचा कंटाळा आलेला कुणी ऐकलाय का?

मग हौसा घरी पळाली आणि सोपानला घेऊन आली. सोपान यायला तयार नव्हता. म्हणाला, "तू पुन्हा पुसशील." हौसा म्हणाली, "नाही पुसणार. शप्पथ."

सोपाननं त्याच जाड जाड वळ्या केल्या. चार मुसळं. हौसाची बोटं वळवळायला लागली, बरं का. जरासं बारीक केलं तर? इथं थोडं ओलं बोट फिरवलं तर? मग तिनं काय करावं? आपले दोन्ही हात आपल्याच काखेत घट्ट दाबून धरले. आणि बघत उभी राहिली. सोपाननं पाय केले, शेपूट केलं. पोट केलं ते जरा एका अंगाला. शिंगं केली, एक लांब, एक आखूड.

"मी पन," गंगी म्हणाली. तिच्या मुठीत ज्वारीचे दाणे होते. डोळ्यांचे. तिनं अंगठा खुपसला, दाणा बसवला. दुसरा अंगठा खुपसला, दुसरा दाणा. मग तिच्या मुठीत एक दाणा उरला. आता? उरलेला टाकून का द्यायचा? तिनं बैलाच्या कपाळाच्या मधोमध अंगठा खुपसला आणि तिसरा डोळा बसवला.

हौसाचा हात काखेतून सुटला. पार त्या डोळ्यापर्यंत गेला. तीन डोळ्यांचा बैल! गाव काय म्हणेल? पाटलीणबाई काय म्हणतील? आणि आजचा दिवस शेवटचा. गंगी तिच्याकडं टकमक बघत होती. हौसाला पाखऱ्याचा तो एकच वळलेला कान आठवला. तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "छान आहे गं गंगे. असू दे."

पण अजून बैल झाला कुठं होता? पाय एकीकडं, पोट एकीकडं, डोकं सोपानच्या मांडीवर. ते जोडायचं कुणी? सोपानला जमेना, डोकं सारखं निसटायला लागलं. गंगीनं तर डोकं उलटंच बसवलं. मग हौसा खाली बसली. तिनं मातीचा पातळ लगदा केला, जोडाच्या जागी काडीनं रेघोट्या ओढल्या, लगदा लावला, आणि हलक्या हातानं एकेक पाय सांधला. मान सांधली. शेपूट सांधलं. सोपानची बोटं पुसली नाहीत, गंगीचे अंगठे बुजवले नाहीत. फक्त जोडत गेली. मांडीला मुंग्या आल्या तरी ती उठली नाही.

आणि मान वर करून बघते, तर भोवती सगळ्या गावाची पोरं उभी! त्यांनीही बघितलं होतं. मग काय विचारता? कपडे गेले खड्ड्यात! एकेका घरची बारकी पोरं तुडवायला लागली, मधली वळायला लागली, मोठी सांधायला लागली. आया काठावरून ओरडत होत्या, पण थोड्या वेळानं त्याही बघायला लागल्या. एकीनं तर हळूच पाण्याची कळशी आणून दिली.

उन्हं कलली. पोरं बैल घेऊन टेकडी चढली. कुठला बैल बुटका, कुठला फुगलेला, एकाला शेपूट दोन. दिवस बुडायला आला. टेकडीच्या सावलीतल्या त्या गावात दिवे लवकरच लागायचे, तशी दिवेलागण झाली.

मग तीन डोळ्यांच्या बैलानं कान हलवला. शेपूट झाडलं. आपल्या चार मुसळांवर उभा राहिला, आणि चालला की हो, थेट समोर! झऱ्यापाशी गेला, नांगराखाली मान घातली, आणि असा ओढला की दोन धोंडे गडगडत बाजूला गेले. त्याच्यामागं बुटका उठला, फुगलेला उठला, दोन शेपटांचा उठला. सगळे उठले!

टेकाडआजी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या केसांतलं गवत हललं. ती म्हणाली, "हा तिसरा डोळा कुणाचा?" गंगी म्हणाली, "माजा." "हे पाय कुणाचे?" सोपान म्हणाला, "माझे." मग आजीनं चालत्या बैलाच्या मानेवरून बोट फिरवलं. "आणि जोड कुठं आहे? मला तर सापडत नाही. हा सांधा कुणाचा?"

हौसा हळूच म्हणाली, "माझा."

"म्हणूनच उभा राहिला गं," आजी म्हणाली. एवढं बोलून तिनं गोठ्याचं दार उघडलं. "न्या आपापले. पण लवकर. दिवस बुडतोय, आणि पाणी ते भरपूर प्यालेत."

पोरांनी हाका मारल्या. कुणाचा बैल आला, कुणाचा जरा अडखळत आला. पाखऱ्या मात्र जागचा हलला नाही. हौसानं हाक मारली, "पाखऱ्याऽ!" त्यानं कानसुद्धा वळवला नाही. तिच्याकडं बघितलं ते परक्यासारखं. हौसा रडतच पुढं झाली. "अरे मी हौसा! ओळख ना रे मला!" टेकडीमागं सूर्याची नुसती कड उरली होती.

तिनं त्याच्या तोंडापुढं हात धरला. हात कसला, कोपरापर्यंत चिखल. धुवायचं भानच कुणाला होतं? पाखऱ्यानं हात हुंगला. ती माती कुठली होती, आठवतंय ना? नदीच्या काठाची. हौसा त्याला जिथं धुवायची, तिथलीच. त्यानं जीभ बाहेर काढली आणि एक बोट चाटलं. मग दुसरं चाटलं. मग सगळा पंजा चाटून काढला, आणि लहानपणी चोखायचा तसं तिचं बोट तोंडात धरलं. आणि मग असा हंबरला, असा हंबरला, की खाली गावात हौसाच्या आईला ऐकू गेलं. ती हातातलं पीठ टाकून दारात धावली.

मग पाखऱ्यानं सोपानचा कान चाटला, आणि गंगीला तर पायापासून डोक्यापर्यंत चाटून स्वच्छ केलं. तेवढीच तिच्या आंघोळीची सोय झाली. गंगी त्याच्या पाठीवर बसून घरी आली. हौसा दाव्याला हात न लावता पुढं चालत होती, आणि पाखऱ्या तिच्यामागून येत होता.

पुढं पेरण्या झाल्या, झरा खळखळत राहिला, गाव पोटभर जेवलं. आणि तो साचा? पाटलीणबाईंनी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. कोंबड्या अगदी खूश होत्या. त्या गावात अजूनही बेंदराला बैलाच्या कपाळावर एक दाणा बसवतात. का, म्हणून विचारलं, तर कुणी काही सांगत नाही. नुसतं म्हणतात, तो गंगीचा.

झाली गोष्ट. बारक्या झोपला वाटतं. अगं, हळू, कुठं निघालीस? उंदीर? खिडकीत वाळत ठेवलाय तो. त्याचे कान दुपारीच मी पुन्हा बारक्यानं केले होते तसे करायला गेले, पण मला मेलीला काही ते साधले नाहीत. उद्या बारक्याकडूनच करून घे. शेपूट मात्र निसटलंय, ते तू सांधून दे. तुझा हात चांगला आहे.

ये, झोप आता. जसा पाखऱ्या घरी आला, तशी झोप तुझ्या डोळ्यांत येऊ दे.